आढ्यावरचे देवदूत

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोक नावाचा परगणा आहे. भूमी सखल, डोंगर तर नाहीतच, पण नाव घेण्याजोगी टेकडीही विरळाच. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी नद्यांच्या मुखांतून आत शिरते आणि ओहोटीला परतताना मागे चिखल, लव्हाळी आणि पाणपक्ष्यांचे थवे ठेवून जाते. ब्लाइथ नावाच्या अशाच एका लहानशा नदीच्या खाडीकाठी ब्लाइथबर्ग हे खेडे वसले आहे. वस्ती तीनशेच्या आसपास. परंतु खाडीपलीकडून येणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम हे खेडे पडतच नाही. त्याला दिसते ते उंचवट्यावर उभे असलेले एक विशाल प्रार्थनामंदिर. धुक्याच्या दिवशी तर एखादे मोठे गलबत नांगर टाकून उभे असावे, असाच भास होतो.

या मंदिराचे नाव होली ट्रिनिटी चर्च. लोक त्याला कौतुकाने 'पाणथळीवरचे कॅथीड्रल' म्हणतात. पण हे म्हणणे केवळ कौतुकाचेच आहे. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे पीठ असलेले चर्च. ब्लाइथबर्गला असे पीठ कधीच नव्हते. हे साधे पॅरिश चर्च, म्हणजे गावकीचे प्रार्थनामंदिर होय. मध्ययुगीन इंग्लंडात प्रत्येक गाव कोणत्या ना कोणत्या पॅरिशमध्ये मोडत असे. मूल जन्मले की त्याचा बाप्तिस्मा तेथे, विवाह तेथे आणि अखेरचा विसावाही तेथल्याच आवारात. गावच्या सभा तेथे भरत, तंटे तेथे मिटत. राजवाडे राजांनी बांधले, मठ संन्याशांनी बांधले. पॅरिश चर्चे मात्र फार करून गावकऱ्यांनी बांधली, आणि म्हणूनच त्या भिंतींत सामान्य माणसाचा हात जितका दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

तीनशे माणसांना एवढे मोठे मंदिर कशाला, असा प्रश्न कोणाही पाहुण्याला पडतो. त्याचे उत्तर नदीच्या गाळात आहे. पंधराव्या शतकात ब्लाइथबर्ग हे खेडे नव्हते; ते नांदते बंदर होते. जहाजे नदीतून थेट गावापर्यंत येत. मासळीचा व्यापार चाले, बाजार भरे. सफोकातील लोकर आणि कापड यांच्या व्यापाराने साऱ्या परगण्यातच त्या काळी पैसा खेळत होता. पुढे जहाजांचे आकार वाढले, नदी गाळाने भरत गेली आणि व्यापार दुसरीकडे गेला. गाव आटले, मंदिर मात्र आटू शकले नाही. मोठ्या कुटुंबाचा वाडा धाकट्या पातीच्या वाट्याला यावा, तसे ते उरलेल्या थोड्या लोकांच्या वाट्याला आले.

अशी मंदिरे उभारण्याची एक रीत होती. आपल्याकडील देवळात जसा सभामंडप आणि गाभारा, तसे या चर्चचे दोन भाग असतात. पश्चिमेकडील भाग, जेथे लोक जमत, तो 'नेव्ह'. पूर्वेकडील भाग, जेथे धर्मगुरू उपासना चालवीत, तो 'चान्सेल'. चान्सेल सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी चर्चच्या उत्पन्नाचा धनी असलेल्या धर्मगुरूची वा मठाची. नेव्हची जबाबदारी गावकऱ्यांची. त्यामुळे पुष्कळ गावांत चान्सेल बुटका आणि नेव्ह भव्य दिसतो. गावाची ऐपत आणि गावाचा अभिमान दोन्ही त्यात दिसतात. ब्लाइथबर्गला जुने मंदिर उतरवून पंधराव्या शतकात नवे बांधण्यात आले. ते कोणा एका दात्याचे दान नव्हे. येथील जमीनदार जॉन हॉप्टन हा १४७८ साली वारला. त्याची कबर अद्याप चर्चमध्ये आहे. पण त्याच्यासारख्या धनिकाच्या जोडीला व्यापाऱ्यांनी आणि साध्या लोकांनीही मृत्युपत्रांतून आपापल्या परीने बांधकामास रकमा ठेवल्या. जो रक्कम ठेवी त्याला पुरे झालेले मंदिर पाहावयास मिळणार नाही हे ठाऊक असे. पश्चिमेचा मनोरा मात्र चौदाव्या शतकातला, तसाच राहिला. त्याचे साधे, रांगडे रूप पुढच्या देखण्या इमारतीशी पुरते जुळत नाही. आणि खरे सांगावयाचे तर या न जुळण्यातच मौज आहे.

बांधकामाची पहिली अडचण दगडाची. सफोकात बांधकामाचा चांगला दगड सापडत नाही. सापडते ती चकमकीची गार: शेतात नांगराला लागणारी, किनाऱ्यावर लाटांनी लोळविलेली, ओबडधोबड आणि काचेसारखी कठीण. तिचे चौकोनी चिरे निघत नाहीत. मग गवंड्यांनी चुन्याच्या जाड थरात गारा बसवून भिंती उभ्या केल्या आणि कोपरे, कमानी, खिडक्यांच्या चौकटी एवढ्यापुरताच घडीव दगड दुरून जलमार्गाने आणला. गार फोडली की आतून काळीभोर, चकचकीत निघते. या काळ्या पृष्ठभागाभोवती पांढऱ्या दगडाच्या पट्ट्या बसवून सफोकच्या कारागिरांनी भिंतींवर नक्षी काढली. ब्लाइथबर्गच्या पूर्वेकडील भिंतीवर, मोठ्या खिडकीखाली, याच रीतीने मुकुट घातलेली अक्षरे कोरली आहेत. ती कोणत्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे असावीत याविषयी विद्वानांत एकमत नाही. दारिद्र्याने कलेला वळण लावले ते असे. उत्तम दगड हाती असता, तर ही काळीपांढरी नक्षी कोणाला सुचलीच नसती.

आत पाऊल टाकताच डोळ्यांना प्रथम जाणवतो तो प्रकाश. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आहेत आणि त्यांवर टोकदार कमानी तोललेल्या आहेत. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीशी बांधलेली असते. कमान जितकी रुंद, तितकीच ती उंच होणार. टोकदार कमानीला हे बंधन नाही. शिवाय तिच्यातून वजन अधिक सरळ खाली उतरते, भिंतीला बाहेर रेटण्याचा जोर कमी होतो, आणि उरलेला जोर बाहेरून उभे केलेले दगडी धिरे सोसतात. मग भिंतीला भार वाहण्याचे काम थोडेच उरते; तिच्यात हव्या तेवढ्या खिडक्या पाडाव्यात. पंधराव्या शतकातील इंग्रज गवंड्यांनी ही सोय पुरेपूर वापरली. त्यांच्या शैलीला, खिडक्यांतील सरळ उभ्या दगडी दांड्यांवरून, 'लंबरेषी' शैली म्हणतात. ब्लाइथबर्गच्या नेव्हमध्ये कमानींच्या वर, छपराच्या लगत, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खिडक्यांची सलग ओळ आहे. मुंबईच्या कुलाबा भागातील अफगाण चर्च ज्यांनी पाहिले असेल, त्यांना अशा टोकदार कमानी परक्या वाटणार नाहीत. ते १८५८ साली उपासनेसाठी खुले झाले. मध्ययुगीन इंग्रजी चर्चांची परंपरा डोळ्यांपुढे ठेवूनच ते उभारले होते.

आणि मग मान आपोआप वर जाते. नेव्हपासून चान्सेलपर्यंत, मध्ये कोठेही कमान वा भिंत न येता, एकसंध लाकडी छप्पर पसरलेले आहे. ते उंच निमुळते नाही. पाखे जवळजवळ सपाट आहेत. उभ्या चढाचे छप्पर आपल्या वजनाने भिंतींना बाहेर लोटते. सपाट छपरात जाड तुळया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाकून सारा भार सरळ खाली उतरविता येतो. तुळया मध्यभागी किंचित उचललेल्या असतात, तेवढाच पावसाच्या पाण्याला उतार. वर शिशाचे पत्रे, खाली ओकचे लाकूड. आणि या तुळयांच्या मध्यावर, बरोबर आढ्याखाली, देवदूत आहेत: पाठीला पाठ लावून जोडीजोडीने बसलेले, एक पूर्वेकडे पाहणारा, दुसरा पश्चिमेकडे. हातांत ढाली, ढालींवर आश्रयदात्या घराण्यांची चिन्हे. मोठे पंख दोन्ही अंगांना पसरलेले. सगळेच उरलेले नाहीत. जे आहेत त्यांचे रंग विटले आहेत, कोणाचा पंख नाही, कोणाचे नाक नाही. छपरावर एके काळी पांढऱ्या भूमीवर तांबड्या-हिरव्या रंगांत फुले रेखाटली होती. त्यांच्या अंधुक खुणा तेवढ्या दिसतात.

या देवदूतांना कोणी जखमा केल्या? गावात पिढ्यान् पिढ्या याचे एक ठाम उत्तर होते. ते समजण्यासाठी सतराव्या शतकात जावे लागते. राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी माजली होती. पार्लमेंटच्या बाजूला प्युरिटन पंथाचे लोक प्रबळ होते. मूर्ती आणि चित्रे माणसाचे चित्त ईश्वरापासून दूर नेतात, असा त्यांचा दृढ समज. १६४३ साली विल्यम डाउसिंग नावाच्या गृहस्थाला पूर्वेकडील परगण्यांतील चर्चमधून अशा वस्तू काढून टाकण्याचा अधिकार मिळाला. केंब्रिजशायर आणि सफोक मिळून अडीचशेहून अधिक ठिकाणी तो गेला. तो लुटारू नव्हता. तो नेमस्त, नेटका मनुष्य असावा. कारण आपण कोठे काय मोडले याची त्याने रोजनिशी ठेवली. ९ एप्रिल १६४४ रोजी तो ब्लाइथबर्गला आला. त्या दिवसाच्या नोंदीत चित्रे आहेत, क्रूस आहेत, आणि वीस देवदूत उतरविण्याचा हुकूमही आहे. दोनशेहून अधिक चित्रे आठ दिवसांत काढून टाकावीत, असे गावाला सांगून तो पुढे गेला.

चित्रे गेली. पण देवदूत उतरले नाहीत. इतक्या उंचीवर शिड्या आणि परांच्या लावून, भक्कम तुळयांना बसविलेल्या आकृती काढणे हे खर्चाचे आणि जोखमीचे काम होते. गावाने ते मनापासून टाळले, की केवळ खर्चाला भिऊन, हे आता कोण सांगणार? पुढे केव्हा तरी कोणाच्या लक्षात आले की, देवदूतांच्या अंगात शिशाचे छरे रुतलेले आहेत. मग कथा आपोआप जुळली: डाउसिंगच्या शिपायांना देवदूत काढता आले नाहीत, तेव्हा त्यांनी खालून बंदुका झाडल्या! कथा चित्तवेधक होती, खलपुरुष आयता होता आणि पुरावा वर लाकडात होता. पाहुण्यांना ती सांगितली जाऊ लागली, पुस्तकांत छापली गेली.

विसाव्या शतकात छपराची दुरुस्ती होताना ते छरे काढून तपासण्यात आले. ते यादवीच्या काळचे नव्हते. अठराव्या शतकातील धाटणीचे होते. आणि चर्चच्या कारभाऱ्यांनी ठेवलेल्या अठराव्या शतकातील जमाखर्चात एक क्षुल्लक वाटणारी नोंद मिळाली: जॅकडॉ मारण्यासाठी दारू आणि छरे यांचा खर्च. जॅकडॉ हा कावळ्याच्या कुळातील लहानसा, करड्या मानेचा पक्षी. जुन्या इमारतींच्या पोकळ्यांत घरटी करणे हा त्याचा आवडता उद्योग; आणि घरट्यासाठी आणलेल्या काटक्यांपैकी निम्म्या तो खाली पाडतो. छपराला भोके, त्यांतून पक्षी आत, खाली बाकांवर काटक्यांचा आणि घाणीचा सडा. कंटाळलेल्या कारभाऱ्यांनी गावातला कोणी बंदूकवाला बोलाविला असेल, त्याने पक्ष्यांवर नेम धरला असेल, आणि पक्षी उडून गेल्यावर छरे देवदूतांना लागले असतील. शत्रूने नव्हे, मंदिराची काळजी वाहणाऱ्यांनीच ते घाव घातले होते. बिचाऱ्या डाउसिंगने पुष्कळ मोडले हे खरे. पण जे त्याने मोडले नाही त्याचाही बोल तो दोन शतकांहून अधिक काळ सोसत होता.

अशीच दुसरी एक कथा उत्तरेकडील दाराला चिकटली आहे. ४ ऑगस्ट १५७७ रोजी, रविवारी, उपासना चालू असता प्रचंड वादळ झाले. वीज पडली, मनोऱ्यावरचा कळस छप्पर फोडून आत कोसळला आणि काही माणसे प्राणास मुकली. त्याच दिवशी जवळच्या बंगी गावच्या चर्चमध्येही अनर्थ घडला. एब्राहम फ्लेमिंग या लेखकाने लगेच त्यावर पुस्तिका काढली आणि त्यात सैतान काळ्या कुत्र्याच्या रूपाने आल्याचे लिहिले. ब्लाइथबर्गच्या दारावर काही जळके, काळे ओरखडे आहेत. ते त्या कुत्र्याच्या नखांचे, असे आजही हसत हसत सांगतात. जुन्या इमारतींचा अभ्यास करणाऱ्यांना अशा खुणा इतरत्रही पुष्कळ आढळल्या आहेत. मेणबत्तीची ज्योत लाकडाला मुद्दाम लावून त्या उमटविल्या जात, आणि अग्नी व दुष्ट शक्ती यांपासून रक्षण व्हावे हा त्यामागील हेतू असावा, असे त्यांतील अनेकांचे मत आहे. तसे असेल तर ज्या हाताने ती खूण केली, तो सैतानाला घाबरून दार राखू पाहणाऱ्या कोणा भाबड्या गावकऱ्याचा हात होता.

पण या मंदिरातील सर्वांत विलक्षण गोष्ट आणखी वेगळीच आहे, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. येथे येणारा प्रत्येक जण त्या स्वच्छ, शुभ्र प्रकाशाची वाखाणणी करतो. पांढऱ्या भिंती, साध्या काचा, फिकट लाकूड, विटांची जुनी फरशी आणि सगळीकडे समुद्रकाठचे उजळ आभाळ. मात्र ज्यांनी हे मंदिर बांधले त्यांनी हा प्रकाश कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्या खिडक्यांत संतांची रंगीत काचचित्रे होती. वरच्या जाळीदार भागांत त्यांचे थोडे तुकडे अजून शिल्लक आहेत. छप्पर रंगविलेले होते. नेव्ह आणि चान्सेल यांच्यामध्ये लाकडी नक्षीचा पडदा होता. मेणबत्त्यांचा धूर आणि रंगांची दाटी यांनी ते भरून गेलेले असणार. काचा फुटल्या, रंग उडाले, भिंतींना चुना लागला, तेव्हा आजची ही शोभा प्रगटली. तिचे कर्ते पुष्कळ आहेत: गवंडी आहेत तसाच डाउसिंगही आहे, आणि नव्या रंगीत काचा बसविण्यास ज्यांच्यापाशी पैसा नव्हता ते गावकरीही आहेत.

हा पैसा नसणे पुढे फारच जाचक झाले. आठव्या हेन्रीच्या काळात येथील मठ बरखास्त झाला होता. बंदर तर केव्हाच गेले होते. फुटलेल्या काचांच्या जागी नव्या बसविण्याऐवजी काही खिडक्या सरळ विटांनी बुजविल्या गेल्या. छप्पर गळू लागले. प्रवचन ऐकताना लोक छत्र्या उघडून बसत, असे सांगतात. अखेर १८८१ साली इमारत धोक्याची ठरवून बिशपने ती बंद करविली.

त्या काळी इंग्लंडात जुन्या चर्चांच्या जीर्णोद्धाराची लाट उसळली होती. जीर्णोद्धार म्हणजे काय? तर झिजलेला दगड काढून नवा बसवावयाचा, विटलेले खरवडून काढावयाचे, आणि जे मुळात असे असावे असे वाटते ते नव्याने घडवावयाचे. शेकडो मंदिरे अशी कोरी करकरीत झाली. याविरुद्ध कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस याने १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली होती. त्याचे म्हणणे असे की, गतकाळचा कारागीर पुन्हा जन्माला घालता येत नाही. त्याच्या कामाची नक्कल म्हणजे खोटी साक्ष. छप्पर गळत असेल तर बुजवा, भिंत कलली असेल तर टेकू द्या, रोजची निगा राखा; पण जुन्याला नवे करून त्यालाच जुने म्हणू नका. ब्लाइथबर्गच्या जीर्णोद्धाराच्या योजनेवर या संस्थेने कडाडून आक्षेप घेतले. चर्चच्या पुजाऱ्यांना आणि गावकऱ्यांना हा उपद्रवच वाटला असेल. डोक्यावर पाणी गळत असताना लंडनच्या विद्वानांनी तत्त्वे सांगावीत, याचा राग कोणाला येणार नाही? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. शेवटी काम झाले ते तुकड्यातुकड्यांनी, हळूहळू, पैसा जमेल तसे. पुढच्या शतकातही ते चालू राहिले. आज देवदूतांच्या चेहऱ्यावर नवा रंग नाही, हा त्या भांडणाचा लाभ मानावयास हरकत नाही.

आता येथे उपासनेखेरीज गायनवादनही होते. १९६९ साली स्नेप येथील संगीतगृह जळाले, तेव्हा संगीतकार बेंजामिन ब्रिटन याने ऑल्डबरा महोत्सवातील मोझार्टचे संगीतनाट्य याच छपराखाली सादर केले. श्रोते ज्या बाकांवर बसतात, त्यांच्या टोकांना पंधराव्या शतकातील लाकडी मूर्ती आहेत. तिन्हीसांजेच्या तिरप्या उजेडात त्या पाहाव्या. एक आहे आळस: तो अंथरुणात बसून आहे, उठावयाचे त्याच्या मनात नाही. एक आहे लोभ: पैशांच्या पेटीवरच ठाण मांडलेला. एक खादाड, आपले पोट सावरणारा. पापांची शिकवण देण्यासाठी त्या केल्या होत्या खऱ्या; परंतु सुताराने त्यांत आपले शेजारीपाजारीच कोरले असावेत, असा दाट संशय येतो.

आणि चान्सेलच्या बाजूला एक लाकडी शिपाई उभा आहे. दाढीवाला, रंगीत, चिलखत घातलेला. १६८२ सालच्या घड्याळाचा तो टोलेवाला. घड्याळ कधीच थांबले, शिपाई राहिला. उपासनेची वेळ झाली की कोणी तरी दोरी ओढते, शिपाई हातातले हत्यार घंटेवर मारतो, आणि बाकांवर बसलेली वीस-पंचवीस माणसे उठून उभी राहतात.